दाराच्या कडीपर्यंत

पेसमेकर बसवून मी घरी आलो तेव्हा भिंगारमधल्या आमच्या गल्लीला पहिला प्रश्न पडला तो असा, की हे मशीन रात्री चार्जिंगला लावायचं असतं का. विचारणारे आमचे किराणावाले होते आणि ते अगदी गंभीर होते. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे, त्यामुळे बावळट प्रश्नाला उत्तर देताना चेहरा सरळ ठेवायची सवय आहे. म्हणालो, "नाही, उन्हावर चालतं. म्हणून तर ओट्यावर बसलोय." त्यांनी मान डोलावली आणि दोन दिवसांत गल्लीभर झालं, की सरांच्या छातीत सोलर बसवलंय.

तेव्हा हसू येत होतं, कारण तेव्हा सगळं सुरळीत होतं. किंवा आहे असं वाटत होतं.

झालं होतं असं. बाजारात मेथीची जुडी निवडत उभा होतो आणि पुढचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा वर माझा दोस्त दिसला. गळ्यात टेप, तोंडात शिव्या. त्याचं शिलाईचं दुकान तिथेच, बाजाराच्या तोंडाशी. त्यानेच मला रिक्षात घातलं आणि नगरला, सावेडीतल्या एका हृदयाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ठोके फार हळू पडताहेत, मधेच थांबताहेत, मशीन बसवावं लागेल. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा लहान मशीन आणि त्यातून थेट हृदयात गेलेली तार. मी कागदावर सही करत होतो आणि हा बाहेर नर्सला विचारत होता, की तारेला इन्शुलेशन बरं आहे ना.

या माणसाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे. आम्ही शाळेत एका बाकावर. मी पुढे शिकलो, तो वडिलांच्या मशीनवर बसला. कॅन्टोन्मेंटमधल्या जवानांचे गणवेश तो शिवतो. उंचापुरा आहे, माझ्यापेक्षा चांगला वीतभर जास्त. आमची बोली दखनी. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याची पंचाईत होईल, म्हणून तिचं मराठी करून लिहितो. तसंही आयुष्यभर तेच केलं.

मशिदीत जुम्म्याच्या नमाजला त्याची जागा माझ्या डाव्या हाताला. नमाजच्या रांगेला आम्ही सफ म्हणतो. सफमध्ये फट ठेवायची नसते, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागला पाहिजे. इतकी वर्षं माझ्या डाव्या खांद्याला त्याचा उजवा दंड लागलेला. उंचीमुळे खांद्याला खांदा काही लागायचा नाही, त्यावरून तो मला दर शुक्रवारी टोमणा मारायचा.

माझी बायको वारली तेव्हापासून तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून माझ्याकडे चहाला यायचा. बसायचा मात्र नाही. दिवसभर मशीनवर बसून कंबर मोडते म्हणायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, उभ्या उभ्या चहा घ्यायचा. त्या दाराची कडी बरोबर त्याच्या खांद्याला टोचायची. रोज टोचायची आणि रोज तो तिला शिव्या घालायचा. जागा बदलायचं त्याला कधी सुचलं नाही.

दुसरं म्हणजे, ईदचा माझा कुर्ता तोच शिवायचा आणि रमजान लागला की टेप घेऊन माप घ्यायला यायचा. मी म्हणायचो, अरे गेल्या वर्षीचंच धर. तो म्हणायचा, "माणूस वाळतो, माणूस सुटतो. माप दरवर्षी घ्यायचं." छाती मोजताना गुदगुल्या करायचा. साठी ओलांडलेले दोन म्हातारे आणि ही थेरं. मुलगी हसून लोळायची.

मुलगी राहात्याला दिली आहे. सासरी पेरूच्या बागा आणि व्यापार, हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी ऑपरेशनला ती धावत आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, की काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तार हलेल. दवाखान्याची झोळी मानेला काचायची, म्हणून मुलीने तिच्या आईच्या ओढणीची झोळी करून हात त्यात अडकवला. आणि त्याच सुमाराला आलेल्या रमजान ईदला दोस्ताने कुर्ता शिवला तो डाव्या खांद्यावर बटणं लावून. बटणं सोडायची, हात न उचलता अंगात घालायचा, बटणं लावायची. आमच्या मशिदीत त्या कुर्त्याचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक झालं.

ईदची नमाज झाली, खुतबा म्हणजे इमामसाहेबांचं प्रवचन झालं आणि मशिदीच्या अंगणात गळाभेटी सुरू झाल्या. आमच्यात ईदची गळाभेट तीन वेळा घ्यायची, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, पुन्हा या बाजूला. लोक माझ्याशी जरा जपून भेटत होते. हा आला आणि त्याने मला कवेतच घेतलं. मला जिवंत परत आणल्याचा त्याला इतका आनंद झाला होता, की तिसरी मिठी जरा घट्टच बसली. टाक्यांच्या जागी एक कळ आली. त्या क्षणी मला ती कळसुद्धा बरी वाटली होती.

संध्याकाळी ती जागा काळीनिळी पडून शिरखुर्म्याच्या वाटीएवढी फुगली. दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, आत रक्त साठलंय, रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे होतं असं, पट्टी घट्ट बांधू, जिरेल. मी विचारलं, मिठीमुळे झालं का? ते म्हणाले, "नाही हो, दोन दिवसांपासूनच साठत असणार. तुम्हाला आज दिसलं."

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. घाबरलेल्या मुलीने रिक्षातून त्याला फोन केला होता. तिच्या मनात काही नव्हतं, ती फक्त सांगत होती, "चाचा, अब्बांना सूज आलीये हो. सकाळी तुम्ही भेटलात ना, त्यानंतर." पलीकडून आवाजच आला नाही म्हणे. तिला वाटलं, रेंज गेली.

सूज जिरली. मग महिन्याभराने टाक्यांच्या जवळ कातडी लाल झाली, गरम लागू लागली, अंगात ताप. एका कोपऱ्यात बारीकसं भोक पडून त्यातून पाणी येऊ लागलं. या वेळी डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलले. जंतू शिरलेत, मशीन काढावं लागेल, तारही. मग सलाईनमधून औषधं, जंतू गेल्याची खात्री, आणि मग दुसरं मशीन उजव्या बाजूला. मधल्या काळात तात्पुरत्या तारेवर मला जिवंत ठेवणार होते. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. वर्गातल्या पोरांना एवढी वर्षं दरडावत आलेला माणूस मी, त्या पलंगावर पांघरूण तोंडावर ओढून रडलो.

दवाखान्यात बरेच दिवस गेले. दोस्ताची बायको, माझी भाभी, रोज डबा घेऊन वर यायची. तो यायचा नाही. मी विचारलं की म्हणायची, दुकानात गर्दी आहे. एकदा मुलगी खालून औषधं घेऊन आली आणि म्हणाली, "अब्बा, चाचा खाली पार्किंगमध्ये बसलेत. रोजच बसतात म्हणे, वॉचमन सांगत होता. मी वर चला म्हटलं तर म्हणाले, नको, इथून बरं आहे." मला पलंगावरून उठायची बंदी होती. खिडकीतून पार्किंग दिसत नव्हतं, फक्त समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. मी त्या टाक्यांकडे बघून त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

घरी आलो तेव्हा माझी अवस्था अशी होती, की एक हात उचलायचा नाही आणि दुसरा उचलत नाही. उजवीकडे नवं मशीन, तो हात बंद. डावा मोकळा झाला होता, पण इतके दिवस झोळीत राहून त्याचा खांदा पार आखडला होता. डॉक्टरांनी झोळी काढायला कधीच सांगितलं होतं. मीच ती गळ्यात ठेवली होती. एक तर ती ओढणी बायकोची होती. आणि झोळी दिसली की लोक थांबून चौकशी करायचे.

मुलगी होती तोवर भांग पाडून द्यायची, शर्ट घालून द्यायची. तिचं घर किती दिवस खोळंबणार? जाताना म्हणाली, चला माझ्याबरोबर. मी म्हणालो, राहात्यात पेरूंशिवाय माझ्या ओळखीचं कोण आहे? ती चिडली, मग रडली, मग गेली. शेजारची बाई सकाळी दोन पोळ्या आणि भाजी ठेवून जायची. त्यानंतर दिवसभर घरात आवाज म्हणजे नळाचा आणि लांबून येणारा लष्कराच्या सरावाचा.

सर्वांत वाईट वेळ संध्याकाळची. दुकानं बंद व्हायच्या सुमाराला मी चहा टाकायचो, डाव्या हाताने, अर्धा ओट्यावर सांडत. सवयीने दोन कप टाकायचो. स्वयंपाकघराचं दार रिकामं असायचं. मी त्या कडीकडे बघत बसायचो आणि हात नकळत उजव्या बाजूच्या मशीनवर जायचा. कातडीखाली त्याची कड लागते. डॉक्टर रागावतात, चाचपू नका म्हणतात. घरात चाचपायला दुसरं आहे काय?

शेवटी एक दिवस मीच त्याच्या दुकानात गेलो. तो मशीनवर होता. मला बघून पायडल थांबलं, पण मान वर झाली नाही.

"चहाला येत नाहीस," मी म्हणालो.

"काम आहे."

"डॉक्टर म्हणाले, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. रक्त आधीच साठत होतं. जंतूंचा तर तुझ्याशी संबंधच नाही."

"डॉक्टर असंच म्हणतात."

"मग मी म्हणतो."

"तू तर म्हणणारच," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. दोरा ओवलेलाच होता. तो त्याने काढला आणि पुन्हा ओवला.

मी म्हणालो, बकरी ईद आलीये, माझं माप घे. तो उठला नाही. "तुझं माप पाठ आहे मला," म्हणाला. टेप त्याच्या गळ्यातच होती. मी वळलो आणि घरी आलो. रस्त्यात एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला, त्याच्यावर विनाकारण खेकसलो.

बकरी ईदच्या आदल्या दिवशी भाभी कुर्ता घेऊन आली. उघडून बघितला तर दोन्ही खांद्यांवर बटणं. उजवीकडेही आणि डावीकडेही. मी दुकानात त्याला दुसऱ्या बाजूबद्दल काही बोललो नव्हतो, आखडलेल्या खांद्याबद्दलही नाही. हात उचलता येत नव्हता ते त्याने मान वर न करता बघितलं होतं.

मशिदीत माझी आता खुर्ची, पहिल्या सफच्या टोकाला, भिंतीजवळ. इमामसाहेब नमाजच्या आधी सांगतात, फटी भरा. सगळे फटी भरतात, माझ्याजवळची सोडून. शेजारचा माणूस चांगला हातभर अंतर ठेवतो आणि मोबाईल माझ्या उलट्या बाजूच्या खिशात टाकतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणून बोलताही येत नाही. त्या ईदला नमाज झाल्यावर लोक माझ्यापुढे आले आणि त्यांच्यात चर्चा सुरू झाली. "सरांचं डावीकडे आहे ना?" "नाही नाही, आता उजवीकडे नेलंय." "मग डावीकडे आत काही राहिलंय का?" कुणालाच खात्री नव्हती. शेवटी सगळ्यांनी माझी बोटं धरून हलवली, ईद मुबारक म्हणाले आणि पुढे जाऊन एकमेकांना कडकडून भेटले.

दोन्ही खांदे बरोबर माहीत असलेला माणूस तिसऱ्या सफमध्ये होता. मी खुर्चीवरून उठेपर्यंत तो निघून गेला होता. त्या दिवशी मी घरी येऊन कुर्त्याची बटणं सोडली आणि तसाच बसून राहिलो. ईदच्या दिवशी माणूस इतका एकटा पडू शकतो हे मला माहीत नव्हतं. बायको गेली त्या वर्षीसुद्धा नव्हतो, कारण त्या वर्षी तो होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी उजव्या हाताची बंदी उठवली आणि डावा हात वर करायला सांगितला. तो छातीपर्यंत येऊन अडला. "अहो, मशीन छान चाललंय आणि खांदा गोठवून बसलात?" ते म्हणाले आणि मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या, पण दरारा हेडमास्तरांचा. म्हणाल्या, "भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवर चढवत न्यायची. रोज थोडं वर. कुठवर न्यायचंय ते ठरवा, म्हणजे कंटाळा येणार नाही."

मी घरी येऊन भिंत सोडली आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर उभा राहिलो. कुठवर न्यायचं ते मला माहीत होतं. कडी जिथे आहे तिथे त्याचा खांदा येतो. पुढच्या रमजान ईदपर्यंत माझा हात कडीला लागला पाहिजे, म्हणजे तो त्याच्या खांद्यावर पडेल. तो मला मिठी मारणार नाही हे मी समजून चुकलो होतो. मग मीच मारायची. आणि एका हाताने मारलेली मिठी त्याला कीव वाटली असती.

पावसाळा आणि हिवाळा त्या दारासमोर गेला. बोटं खेकड्यासारखी फळीवर चढवायची, दुखलं की थांबायचं, शिव्या द्यायच्या, पुन्हा चढवायची. थंडीत खांदा असा ठणकायचा, की डोळ्यांत पाणी यायचं. पोळ्या ठेवायला आलेल्या शेजारणीने एकदा बघितलं आणि मुलीला फोन केला, की सर दाराशी बोलतात. मुलगी घाबरून विचारायला लागली. मी म्हणालो, दाराशी नाही गं, कडीशी बोलतो. त्याने ती जास्तच घाबरली.

रमजान लागला तेव्हा बोटं कडीच्या खाली येऊन अडत होती. रमजान संपता संपता एका सकाळी मधल्या बोटाला लोखंड गार लागलं. मला वाटलं, ओरडून कुणाला तरी सांगावं. सांगण्यासारखा एकच होता आणि त्यालाच सांगायचं नव्हतं. मी भाभीकडून त्याला निरोप दिला, की या वेळी बटणं नकोत, साधा कुर्ता शिव, आणि माप घ्यायला ये.

तो आला नाही. कुर्ता आला, बटणांशिवायचा. घातला तर अंगात ढगळ. आजारपणात मी उतरलो होतो आणि त्याने पाठ असलेलं जुनंच माप धरलं होतं.

ईदच्या सकाळी मी मशिदीत खुर्चीकडे गेलो नाही. तिसऱ्या सफमध्ये जाऊन त्याच्या उजव्या हाताला उभा राहिलो. तो नुसता अंग चोरून उभा. मधे फट. इमामसाहेब म्हणाले, फटी भरा. मी पाऊल सरकवलं आणि माझा डावा खांदा त्याच्या दंडाला लावला. आता सफमधून निघून जाणं त्याला शक्य नव्हतं. तकबीरला, म्हणजे 'अल्लाहु अकबर' म्हणताना, दोन्ही हात कानापर्यंत उचलले, तेव्हा त्याचं डोकं किंचित माझ्याकडे वळलं. नमाजमध्ये वळवायचं नसतं.

खुतबा संपला. लोक उठले, भेटू लागले. तो वळून निघणार तेवढ्यात मी त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने पटकन दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे.

मी डावा हात उचलला. दुखला. त्याच्या खांद्यावर पडला. उजवा त्याच्या पाठीमागे गेला आणि मी त्याला जवळ ओढलं. तो लाकडासारखा ताठ उभा होता. श्वाससुद्धा घेत नव्हता. माझ्या छातीतलं मशीन त्याच्या बरगडीला लागत असणार, कारण तो तेवढाच भाग मागे घ्यायला बघत होता.

"झालं?" त्याने हळूच विचारलं.

"गप उभा राहा," मी म्हणालो. "अजून दोन राहिल्यात."

दुसऱ्या बाजूने भेटलो. त्याचे हात मागेच. पण आता श्वास लागत होता, माझ्या कानाशी, अडखळत. मग तो म्हणाला, "वाळलास तू."

"माप कुणी घेतलं नाही," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा मी त्याला धरलं तेव्हा त्याचे हात पुढे आले. माझ्या अंगाला लागले नाहीत. पाठीवर कुर्त्याचं जास्तीचं कापड होतं ते त्याने दोन बोटांत धरलं, गिऱ्हाइकाला उभं करून धरतो तसं, आणि जरा ओढून बघितलं.

"दोन बोटं आत घ्यावं लागेल," तो म्हणाला.

"मग घे," मी म्हणालो.

लोक आमच्या बाजूने पुढे निघून चालले होते. चिमूट त्याने सोडली नाही.